परदेशातील यजमान घर आणि आपला विद्यार्थी

घर सोडून शिकावयास जाणे ही गोष्ट आमच्या शाळेला नवी नाही. दरवर्षी जूनअखेर आर्वी, समुद्रपूर, सेलू, कारंजा या तालुक्यांतील मुले पेट्या घेऊन वसतिगृहात दाखल होतात. पहिले काही दिवस रडू येते, मग हळूहळू घंटेची, पंगतीची आणि शेजारच्या खाटेवरील मित्राची सवय होते. अलीकडे आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी काही जण आपल्या मुलांना शालेय वयातच वर्षभरासाठी परदेशी पाठविण्याचा विचार करू लागले आहेत. तेथे वसतिगृह नसते, एक अनोळखी कुटुंब असते. त्या घरात मूल कसे रुळेल, असा प्रश्न पालक आम्हाला विचारतात. या लेखात आम्ही त्याचा विचार केला आहे.

प्रथम व्यवस्था समजून घेऊ. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीवर परदेशी जाणारे आपले तरुण पदव्युत्तर वा संशोधनाच्या शिक्षणासाठी जातात आणि बहुधा विद्यापीठाच्या वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत राहतात. विद्यार्थी विनिमयाची रीत वेगळी आहे. महायुद्धांत जखमींची ने-आण करणाऱ्या अमेरिकन रुग्णवाहिका-चालकांची एएफएस ही संघटना होती. राष्ट्राराष्ट्रांतील वैर घरोघरच्या सहवासाने कमी व्हावे, या हेतूने तिने 1947 पासून शालेय विद्यार्थ्यांची देवाणघेवाण सुरू केली. रोटरीचा युवा विनिमयही याच जातीचा आहे. त्याच्या दीर्घ मुदतीच्या कार्यक्रमात विद्यार्थी एक शैक्षणिक वर्ष परदेशात राहतो, आणि पुष्कळदा एकाच वर्षात एकाहून अधिक कुटुंबांत राहतो. यजमान कुटुंब भाडे घेत नाही, ते मुलाला घरातला एक म्हणून ठेवते. म्हणूनच हे नाते भाडेकरूपेक्षा गोड आणि अवघडही असते. भाडेकरूने भाडे दिले की त्याचे कर्तव्य संपते, घरातल्या माणसाचे तसे संपत नाही.

मराठी समाजात या नात्याचे एक जुने आणि उत्तम उदाहरण आहे. डॉ. आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी एप्रिल 1883 मध्ये कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. वय अवघे अठरा. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी त्यांना आपल्या घरी नेले. हे घर त्यांना अचानक मिळाले नव्हते. आधीची दोन-तीन वर्षे दोघींचा पत्रव्यवहार चालू होता. आनंदीबाई कार्पेंटरबाईंना मावशी मानत. त्या घरी राहूनही त्यांनी आपली साडी सोडली नाही, शाकाहार सोडला नाही, आणि यजमानांनीही तशी अपेक्षा केली नाही. पुढे फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून 11 मार्च 1886 रोजी त्यांना पदवी मिळाली. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आल्या आणि पोकिप्सी येथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवण्यात आल्या. चार वर्षांपूर्वी अनोळखी असलेल्या घराने तिला मरणानंतरही घरचीच मानले.

घर न मिळणे म्हणजे काय, हे मात्र आपल्याला बाबासाहेबांच्या चरित्रातून कळते. जुलै 1913 मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. पहिल्या वसतिगृहातील जेवण रुचेना, म्हणून त्यांनी जागा बदलली. पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर ते राहू लागले आणि ती मैत्री जन्मभर टिकली. परदेशात त्यांना कोणी जात विचारून दाराबाहेर उभे केले नाही. परंतु शिक्षण घेऊन बडोद्याच्या नोकरीवर रुजू होताच त्यांना राहावयास जागा मिळेना. अखेर पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना तेथून घालवून दिले. या प्रसंगातून आम्ही एक कसोटी घेतो. जेथे आपले नाव लपवावे लागते तेथे डोक्यावर छप्पर असते, पण ते घर नसते. यजमान घरात रुळणे म्हणजे स्वतःला पुसून टाकणे नव्हे.

यजमानाच्या बाजूने पाहावयाचे तर उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. जपानचे भिक्षू निचिदात्सू फुजी, म्हणजेच फुजी गुरुजी, 1933 साली वर्ध्यात गांधीजींना भेटले. पुढे त्यांचे शिष्य सेवाग्राम आश्रमात राहिले. त्यांचा जपानी बौद्ध मंत्र आश्रमाच्या प्रार्थनेत आला आणि आजही तेथील प्रार्थनेचा आरंभ त्याच मंत्राने होतो. पाहुण्याने आश्रमाची शिस्त स्वीकारली आणि यजमानाने पाहुण्याची प्रार्थना आपल्या प्रार्थनेत घेतली. दोघेही एकेक पाऊल सरकले, आपली जागा मात्र कोणी सोडली नाही.

आता रोजच्या व्यवहाराकडे वळू, कारण खरी अडचण तेथेच येते. आपल्याकडे पाहुणा पहिल्यांदा 'नको' म्हणतो आणि यजमान आग्रह करून वाढतो. पाश्चात्त्य देशांत बहुधा 'नको' म्हणजे नकोच. भिडेपोटी 'नको' म्हणणारा आपला मुलगा तेथे उपाशी झोपेल आणि यजमानांना त्याचा पत्ताही लागणार नाही. आपल्या घरी आईने ताट वाढले म्हणून कोणी आभार मानीत नाही, उलट ते परकेपणाचे वाटते. तेथे आभाराचा शब्द उच्चारला नाही तर मूल नाराज आहे, असा समज होतो. म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांतच साध्या गोष्टी विचारून घ्याव्यात: स्नानाची वेळ कोणती, स्वयंपाकघरात स्वतः काही करून घेतले तर चालेल काय, कपडे कोण धुतो, रात्री किती वाजेपर्यंत परतावयाचे, घरातील कोणते काम माझ्याकडे द्याल. वसतिगृहात ताट धुऊन, खोली झाडून वाढलेल्या मुलांना हा शेवटचा प्रश्न जड जाऊ नये.

आहार, आजार, औषधे आणि श्रद्धा यांविषयी अर्जात आणि पहिल्या पत्रातच खरे लिहावे. कार्पेंटरबाईंच्या घरचा सलोखा त्या आधीच्या पत्रांवरच उभा राहिला होता. सकाळी त्रिशरण-पंचशील म्हणावयाचे असेल तर तसे सांगावे. जेवणाच्या टेबलावर मद्य पुढे आले तर पाचव्या शीलाचा अर्थ दोन वाक्यांत समजावून नम्रपणे नकार द्यावा. त्यासाठी यजमानांना उपदेश करण्याची गरज नाही. भारतातील मूल म्हटले की जातीचा प्रश्नही केव्हातरी निघतो, कधी यजमानांच्या कुतूहलातून, कधी तेथील भारतीय कुटुंबांच्या चौकशीतून. जात समुद्रापलीकडे पोहोचली आहे, हे तेथील लोकांनाही ठाऊक आहे. 2023 साली अमेरिकेतील सिअॅटल शहराने जातीवरून भेदभाव करण्यास कायद्याने बंदी घातली. आपल्या मुलांनी उत्तर सरळ द्यावे. आपण कोण आणि आपल्या आजोबांनी कोणता मार्ग स्वीकारला, हे सांगताना मान खाली जाण्याचे कारण नाही.

एवढे करूनही एखादे घर जुळत नाही. घर बदलणे हे अपयश नव्हे. कार्यक्रमाचा स्थानिक समन्वयक त्यासाठीच नेमलेला असतो. लहान कुरबुरीसाठी काही आठवडे धीर धरावा आणि यजमानांशी आधी बोलावे. मात्र अपमान, उपासमार किंवा अंगाशी लगट घडली तर त्याच दिवशी समन्वयकाला आणि घरी कळवावे. तेथे सहनशीलता हा गुण ठरत नाही.

पालकांसाठीही एक सांगणे आहे. रोज तासभर दूरध्वनी झाला तर मूल देहाने तेथे आणि मनाने येथे राहते. आठवड्यातून दोन वेळा बोलण्याचे ठरवावे. पण कोणतीही गोष्ट सांगितली तरी घरचे रागावणार नाहीत, हा विश्वास जाण्यापूर्वीच द्यावा. तसेच यजमान कुटुंबाला स्वतःच्या हाताने एक पत्र लिहावे. इंग्रजी येत नसेल तर मराठीत लिहावे, मूल ते वाचून दाखवील आणि अर्थ सांगेल. त्या घरच्या आईलाही कळावे की या मुलामागे माणसे आहेत, आणि आपल्या मुलाला घास देणाऱ्या हातांची त्यांना जाणीव आहे.