मेपल नाही, ताड आहे: नीरेचा घरगुती पाक

• मेपलचा रस गोठवणाऱ्या रात्री आणि ऊबदार दिवस आलटूनपालटून आले तरच वाहतो. पेण-रोहा मार्गावरच्या निडीला तशी थंडी पडत नाही. इथला गोड रस ताड, माड आणि शिंदीचा.

• मेपलच्या रसात साखर जेमतेम २ टक्के, म्हणून १ लिटर पाकाला सुमारे ४० लिटर रस आटवावा लागतो. नीरेत साखर १० टक्क्यांच्या वर. सरपण कितीतरी कमी लागते, आणि घरगुती खर्चात मोठा वाटा सरपणाचाच.

• ताड-माडाची नीरा फुलोऱ्याच्या कोंबातून, शिंदीची खोडातून.

• नीरा आणि ताडी एकच रस, फरक आंबण्याचा. मडक्याला आतून चुना लावला की आंबणे लांबते. नीरा पहाटेच उतरवावी, चुना तळाशी बसू द्यावा, फडक्यातून गाळून लगेच उकळावी.

• पाण्याच्या उकळबिंदूपेक्षा सुमारे ४ अंश वर गेले की पाक, त्यापुढे आटवले की गूळ.

• महाराष्ट्रात नीरा काढायला परवाना लागतो (दारूबंदी अधिनियम, १९४९).

• जून २०२० मध्ये खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने डहाणूत २०० कारागिरांना नीरा-ताडगुळाची अवजारे दिली.