पंधरापैकी अकरा म्हणजे काय? डोक्याची दुखापत मोजताना

माझ्या नावाआधी 'डॉक्टर' लागतं, पण ते तत्त्वज्ञानाचं. आमच्या इमारतीत रात्री कुणाच्या छातीत दुखायला लागलं की आधी माझी बेल वाजते, आणि मला दारात उभं राहून हा फरक समजावून सांगावा लागतो. तेव्हा उपचारांबद्दल मी आज काही बोलणार नाही. मला बोलायचंय ते मोजण्याबद्दल. अपघातात डोक्याला मार लागलेल्या माणसाच्या केसपेपरवर 'जीसीएस ११' असं लिहिलेलं असतं. हे अकरा कशाचे?

आपण नातेवाईक बाहेर उभे राहून एकच विचारतो, 'शुद्धीवर आहे का?' आपल्याला हो किंवा नाही हवं असतं. पण आपली भाषाच बघा. शुद्ध, भान, जाणीव, गुंगी, ग्लानी, झापड असे किती शब्द आहेत, आणि यातल्या एकाचीही हद्द कुठे संपते ते सांगता येत नाही. वैद्यकाचीही अवस्था बराच काळ अशीच होती. 'अर्धवट बेशुद्ध', 'गाढ बेशुद्ध' असं लिहायचे. एकाचं अर्धवट ते दुसऱ्याचं गाढ. रात्रपाळीच्या सिस्टरनी 'गुंगीत' लिहिलं, सकाळच्या डॉक्टरांनीही 'गुंगीत'च लिहिलं. मग रात्रभरात रुग्ण खालावला की नाही? कळायला मार्ग नाही. आणि कवटीच्या आत रक्त साचत असेल तर नेमकं तेवढंच कळायला हवं असतं.

१९७४ साली ग्लासगोमधल्या ग्रॅहॅम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या दोघांनी 'लॅन्सेट'मध्ये एक मोजपट्टी मांडली. तीच ही ग्लासगो कोमा स्केल. त्यांनी जाणीव म्हणजे काय हा प्रश्नच बाजूला ठेवला! आम्ही तत्त्वज्ञानवाले अडीच हजार वर्षं त्यात अडकलोय. ते म्हणाले, समोर जे दिसतं तेवढंच लिहा. डोळे, बोलणं, हालचाल.

डोळे आपोआप उघडे असतील तर ४. हाक मारल्यावर उघडले तर ३, नखावर दाब दिल्यावर उघडले तर २, उघडलेच नाहीत तर १. बोलण्यात, आपण कोण, कुठे आहोत, महिना कोणता हे बरोबर सांगितलं तर ५. वाक्यं बोलतो पण गोंधळलेला आहे, ४. नुसते सुटे शब्द, ३. नुसतं कण्हणं, २. काहीच नाही, १. हालचालीत 'हात वर करा' म्हटल्यावर केला तर ६. भुवईपाशी दाब दिल्यावर हात तिथवर नेऊन दाब झटकू पाहतो, ५. नुसता हात मागे ओढून घेतो, ४. पुढचे दोन प्रकार गंभीर. हात विचित्रपणे आत वळतो, ३, किंवा ताठ होऊन लांब पसरतो, २. काहीच नाही, १. म्हणजे सगळ्यांत जास्त १५ आणि सगळ्यांत कमी ३. शून्य नाहीच. 'तीन आहेत, म्हणजे थोडी तरी आशा' असं ऐकलंय मी लोकांना बोलताना. तसा त्याचा अर्थ नाही. ३ म्हणजे तिन्ही ठिकाणी काहीच प्रतिसाद नाही.

आता बेरजेची गंमत बघा. मूळ मांडणीत या तिन्ही नोंदी वेगवेगळ्याच होत्या, बेरजेची प्रथा नंतर रुळली. डोळे अधिक बोलणं अधिक हात ही कसली बेरीज? एक रुग्ण आहे. डोळे टक्क उघडे, सांगितलं तसा हात उचलतो, पण मेंदूच्या डाव्या बाजूला मार बसल्यामुळे वाचा गेलीय. ४, १ आणि ६. दुसरा हाकेला डोळे उघडतो, सुटे शब्द बरळतो, सांगितलेलं करत नाही, नुसता दाब झटकतो. ३, ३ आणि ५. दोघेही ११. यांची अवस्था सारखी आहे असं कोण म्हणेल? म्हणून नातेवाइकांनी विचारायचं असेल तर तिन्ही आकडे वेगळे विचारावेत, आणि ते किती वाजताचे आहेत तेही विचारावं. वेळ फार महत्त्वाची. दहाला १५ होते आणि बाराला १३ झाले, तर त्या १३ पेक्षा ती दोनची घसरण जास्त बोलते. कानशिलाच्या हाडाखालची धमनी फाटली तर माणूस आधी नीट बोलतो, चहा पितो, आणि काही तासांत कोसळतो.

शिवाय मोजणारा आणि ज्याला मोजायचं तो, यांच्यामध्ये भाषा असते. ओडिशातून पुण्यात बांधकामावर आलेल्या मजुराला मराठीत 'महिना कोणता?' विचारलं आणि तो गप्प राहिला, तर गुण कुणाचे कापायचे? ऐकायचं यंत्र अपघातात पडलेल्या आजोबांचं काय? नळी घातलेल्या रुग्णाचं बोलणं तर तपासताच येत नाही. तिथे १ न लिहिता 'तपासता आलं नाही' असं लिहायचं असतं. आणि दारू. दारूने गुण खाली येतात हे खरं, पण वास आला म्हणून 'प्यायलाय, झोपू दे' म्हणणं हा आपल्याकडचा सगळ्यांत घातक निदानप्रकार आहे. प्यायलेल्याच्याही डोक्यात रक्तस्राव होतो.

प्रतिसाद नाही म्हणजे जाणीव नाही, असं म्हणता येईल का? इथे माझा विषय सुरू होतो. २००६ साली एड्रियन ओवेन आणि सहकाऱ्यांनी अपघातानंतर कसलाच प्रतिसाद न देणाऱ्या एका तरुणीला एमआरआय यंत्रात ठेवून सांगितलं, आपण टेनिस खेळतोय अशी कल्पना कर. मग, आपल्या घरातल्या खोल्यांमधून फिरतेयस अशी कर. निरोगी माणसांच्या मेंदूत अशा वेळी जे भाग उजळतात तेच तिच्याही मेंदूत उजळले. मोजपट्टी तिथे चुकली असं मी म्हणणार नाही. ती हातापायाचा, तोंडाचा प्रतिसाद मोजते. आतलं मोजण्याचा तिचा दावाच नव्हता. दावा आपण तिच्या तोंडी घातला.

तसंच त्या वर्गीकरणाचं. १३ ते १५ सौम्य, ९ ते १२ मध्यम, ८ आणि त्याखाली गंभीर. आपत्कालीन विभागात कुणाकडे आधी धावायचं हे ठरवायला उत्तम. पण 'सौम्य' हा शब्द पहिल्या काही तासांचा आहे आणि तो माणसाला महिनोन्महिने चिकटतो. सीटी स्कॅन नॉर्मल, गुण १५, घरी जा. मग डोकं दुखतं, आवाज सहन होत नाही, हिशेब चुकतात, चिडचिड होते, आणि घरचे, ऑफिसचे म्हणतात, 'रिपोर्ट तर नॉर्मल आहे!' सीटीत रक्त दिसतं, मोडलेलं हाड दिसतं. ताणले गेलेले मेंदूतले सूक्ष्म तंतू त्यात बहुधा दिसत नाहीत. माझ्या मते त्या माणसाला दुसरी इजा हा शब्दच करतो. २०२५ मध्ये 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी'त एक नवी चौकट मांडली गेली. तिच्यात या तीन शब्दांऐवजी तपासणीतल्या नोंदी, रक्तातल्या खुणा, स्कॅन, आणि वय, आधीचे आजार, परिस्थिती यांचा एकत्र विचार आहे. रुळायला वेळ लागेल.

तोवर, घरी पाठवताना जो कागद हातात देतात तो फेकू नका. वाढत जाणारी डोकेदुखी, वारंवार उलट्या, फिट, बोलण्यात गोंधळ, एका बाजूची शक्ती कमी होणं, जागं करणं अवघड होणं, यातलं काही दिसलं तर लगेच परत न्यायचं. रक्त पातळ करायची गोळी घेणाऱ्या वयस्करांना तर टेंगूळ आलं तरी दाखवायचं, कारण त्यांच्यात रक्त हळूहळू साचतं आणि कधीकधी काही आठवड्यांनी लक्षात येतं, तेव्हा ते पडले होते हेही घरात कुणाला आठवत नसतं.

बरं, आता तुमचे प्रश्न घेऊ.