नासासंधान
नासासंधान : रोगाने वा आघाताने नष्ट झालेले नाक शरीरातीलच ऊतके वापरून पुन्हा घडविण्याच्या शस्त्रक्रियेस ‘नासासंधान’ म्हणतात. सुश्रुतसंहितेत गालाच्या त्वचेने नाक जोडण्याचा विधी वर्णिलेला आहे. कपाळाच्या त्वचेचा उपयोग करणारी पद्धत पुण्याजवळ घडलेल्या एका घटनेमुळे यूरोपात ज्ञात झाली. इंग्रज सैन्यातील कावसजी हा मराठा गाडीवान १७९२ च्या युद्धात टिपू सुलतानाच्या कैदेत सापडला व त्याचे नाक आणि एक हात तोडण्यात आले. सुमारे वर्षभराने वीटकाम करणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याचे नाक घडविले. मेणाचा पत्रा नाकाच्या जागी बसवून, तो सपाट करून त्याची आकृती कपाळावर आखण्यात आली. भुवयांमधील देठ तेवढा राखून त्वचा सोडविली व वळवून खाली बसविली. वर ओल्या काताची पट्टी ठेवली. देठ सुमारे २५ व्या दिवशी कापण्यात आला. हा वृत्तांत लंडनच्या जंटलमन्स मॅगझीन मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये प्रसिद्ध झाला. जोझेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडन येथे ही पद्धत अवलंबिली. कारागिराचे नाव मात्र नोंदले गेले नाही.

देठातून रक्तपुरवठा चालू राहतो, हे या पद्धतीचे मर्म होय. भुवईच्या आतील टोकाजवळून कपाळावर जाणारी रोहिणी त्वचाखंडाचे पोषण करते. नव्या जागी रक्तवाहिन्या जुळल्यावर, साधारणतः तीन आठवड्यांनी, देठ छेदतात.

आज या पद्धतीचा एक मुख्य उपयोग त्वचेच्या कर्करोगानंतर होतो. चेहऱ्यावर तल कोशिका कर्क अधिक आढळतो. मर्केल कोशिका कर्क व त्वक्-स्नेह ग्रंथींचा कर्क हे विरळा असतात. अर्बुद काढल्यावर कडा रोगमुक्त असल्याची सूक्ष्मदर्शकाने खात्री केल्याविना पुनर्रचना करणे धोक्याचे असते. कारण उरलेला रोग जाड त्वचाखंडाखाली दीर्घकाळ लपून राहतो. मर्केल कोशिका कर्क झपाट्याने पसरत असल्याने लसीका ग्रंथींची तपासणी करतात. पुढे प्रारण-चिकित्सा लागणार असल्यास, तिला विलंब लावणारी बहुटप्पी पुनर्रचना टाळून प्रथम साधे त्वचारोपण करणे श्रेयस्कर ठरते.

संपूर्ण नाक घडविताना आतील अस्तर, उपास्थीचा आधार व बाह्य त्वचा असे तिन्ही स्तर उभारावे लागतात. उपास्थी कानातून वा बरगडीतून घेतात. आधार नसल्यास नवे नाक आकसून श्वसनमार्ग अरुंद होतो.