बारामती ४१३१०२, इंदापूर ४१३१०६: पिनकोड ही संख्या आहे का?

बारामतीचा पिनकोड ४१३१०२ आणि इंदापूरचा ४१३१०६. शेजारशेजारचे तालुके, दोन्ही संख्या सम, फरक फक्त चारचा. गणितात मात्र या दोघींचं घराणं वेगळं आहे.

४१३१०२ चे अवयव पाडले की २ × २०६५५१ मिळतात आणि काम तिथेच थांबतं, कारण २०६५५१ ही मूळ संख्या आहे. खात्री करायची असेल तर ४५४ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहावं. ४५५ चा वर्गच तिच्या पुढे जातो, त्यामुळे त्यापलीकडे जायची गरज नाही. (वहीचं एक पान पुरत नाही, एवढं सांगून ठेवतो.) इंदापूरची संख्या मोकळ्या स्वभावाची: २ × ३ × ३१ × २२२१. तिला १६ विभाजक आहेत. स्वतःला वगळून बाकीच्यांची बेरीज ४,४०,१४२ होते, म्हणजे मूळ संख्येपेक्षा जास्त. अशा संख्येला विपुल म्हणतात. बारामतीची हीच बेरीज २,०६,५५४, म्हणजे जेमतेम निम्मी, म्हणून ती न्यून. इंदापूरकरांनी फार हुरळून जाऊ नये. सहाच्या पुढची, सहाने भाग जाणारी कुठलीही संख्या विपुलच असते. देवळालीचे गणिती द. रा. कापरेकर यांच्या हर्षद संख्यांना आपल्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो. त्या यादीत मात्र दोघीही बसत नाहीत.

पोस्टाला यातलं काहीच लागत नाही. केंद्रीय दळणवळण मंत्रालयातले अधिकारी आणि संस्कृत पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली. पहिला अंक विभागाचा. महाराष्ट्राच्या वाट्याला ४ आला. पहिले तीन अंक मिळून टपाल वर्गवारीचा जिल्हा कळतो, शेवटचे तीन पोस्ट ऑफिस सांगतात. सोलापूर ४१३००१, पुणे शहर ४११००१. म्हणजे बारामती, इंदापूर आणि दौंड (४१३८०१) कलेक्टर कचेरीच्या हिशेबात पुण्याचे, पण पिनकोडात सोलापूरच्या पंगतीला. पिनकोड ‘चार लाख तेरा हजार एकशे दोन’ असा मोजायचा नसतो. तो डावीकडून उजवीकडे, पत्त्यासारखा वाचायचा असतो.

अडचण होते ती चुकीच्या वेळी. घाईत २ च्या जागी ६ लिहिला तर बारामतीचं पाकीट इंदापूरच्या थैलीत पडू शकतं, कारण चुकलेला आकडाही खराच पिनकोड आहे. ३ आणि १ ची अदलाबदल झाली तर ४३११०२ होतं, आणि ४३१ म्हणजे थेट छत्रपती संभाजीनगरची बाजू.

यावर उपाय तपासणी अंकाचा. समजा, अंकांच्या बेरजेचा एकक अंक सातवा म्हणून जोडला. बारामतीची बेरीज ११, म्हणून ४१३१०२१. इंदापूरची १५, म्हणून ४१३१०६५. आता ४१३१०६१ असं कुणी लिहिलं तर चूक लगेच पकडली जाईल. अदलाबदल मात्र सुटेल, कारण अंकांची जागा बदलली तरी बेरीज तीच राहते. डच गणिती व्हरहूफ यांनी १९६९ मध्ये मांडलेली रीत या दोन्ही चुका पकडते: कुठलाही एक अंक चुकणं आणि शेजारचे दोन अंक उलटे पडणं. आधारच्या १२ अंकांतला शेवटचा अंक याच रीतीने काढलेला असतो. पिनकोडला असा अंक नाही. तिथे राखण करतं ते पाकिटावर लिहिलेलं गावाचं नाव.