हृदयातील संयोजी ऊतक

‘संयोजी ऊतक’ ही संज्ञा जोडण्याच्या कार्यावरून सिद्ध झाली आहे. हृदयाच्या बाबतीत मात्र तिने वस्तुस्थितीचा एकच पक्ष व्यक्त होतो.

हृद्‌स्नायूचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला असता प्रत्येक स्नायुकोशिकेभोवती कोलॅजेन तंतूंचे तलम जाळे आढळते. त्यास एंडोमायसियम म्हणतात. कोशिकांच्या जुडग्यांस वेढणारे जाडसर आवरण म्हणजे पेरिमायसियम होय. हे कोलॅजेन मुख्यतः पहिल्या व तिसऱ्या प्रकारचे असून फायब्रोब्लास्ट नामक कोशिका ते निर्माण करतात. पेरिमायसियमचे तंतू नागमोडी असतात. जवनिका रक्ताने भरू लागली की ते सरळ होत जातात व स्नायूस अतिताणापासून वाचवितात. येथवर कार्य संयोजनाचेच आहे.

याउलट, कर्णिका व जवनिका यांच्यामध्ये, झडपांच्या मुखांभोवती, घन तंतुमय कडी असतात. त्यांतून विद्युत्-आवेग जाऊ शकत नाही. निरोगी हृदयात विल्हेल्म हिस यांनी १८९३ मध्ये वर्णिलेल्या स्नायुगुच्छातूनच तो खाली उतरतो. आवेगास हा एकच मार्ग असल्याने कर्णिकांचे आकुंचन आधी व जवनिकांचे नंतर, हा क्रम राखला जातो.

हृद्‌रोहिणी अवरुद्ध होऊन स्नायूचा काही भाग मृत झाल्यास त्याजागी कोलॅजेनचा वण तयार होतो. तो हृदयाच्या भित्तीस सावरतो; परंतु स्वतः आकुंचन पावत नाही, आणि आवेगाची वाट अडवून हृदयाची लयही बिघडवू शकतो. तेव्हा ही संज्ञा योजताना तीत न उमटलेला विलगतेचा अर्थही अभ्यासकाने ध्यानी धरावयास हवा.