हजेरी कर्मचाऱ्याची, हुद्दा विद्यार्थ्याचा

सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात खाटेजवळ दिवसभरात जे पाच-सहा जण येऊन जातात, त्या सगळ्यांना नातेवाईक सरसकट ‘डॉक्टर’ म्हणतात (मुलगी असेल तर गळ्यात स्टेथोस्कोप असूनही बऱ्याचदा ‘सिस्टर’). आपापसात मात्र त्यांची उतरंड पक्की असते. एमबीबीएसची साडेचार वर्षं संपवून वर्षभराची सक्तीची आंतरवासिता करणारा तो इंटर्न. त्याची वैद्यक परिषदेकडची नोंदणी अजून तात्पुरती असते. ती कायम झाल्यावर, नीट-पीजी देऊन एमडी किंवा एमएसला लागला की तो ज्युनिअर रेसिडेंट होतो आणि तीन वर्षांत जेआर-वन, जेआर-टू, जेआर-थ्री अशा पायऱ्या चढतो. मुंबईतल्या जुन्या डॉक्टरांच्या तोंडी याच पायऱ्यांना ‘हाउसमन’ आणि ‘रजिस्ट्रार’ हीच नावं आहेत. त्यापुढे सीनिअर रेसिडेंट, मग सहायक प्राध्यापकापासून प्राध्यापकापर्यंतची वाट. या शिडीतली ज्युनिअर रेसिडेंटची पायरी विचित्र आहे. हा माणूस एकाच वेळी विद्यापीठाचा विद्यार्थी असतो आणि रुग्णालयाचा कर्मचारीही. त्यातली कोणती ओळख कधी पुढे करायची, हे तो स्वतः ठरवत नाही. त्याच्याकडून काम घेणारी व्यवस्था आपल्या सोयीने ठरवते.

रात्रीच्या इमर्जन्सीत हे उघड दिसतं. पोट धरून कळवळणारा रुग्ण आला की इंटर्न रक्त काढतो, सलाइन लावतो. जेआर-वन केसपेपर लिहितो, सोनोग्राफीचा फॉर्म भरतो, रक्तपेढीशी फोनवर हुज्जत घालतो आणि रिपोर्टसाठी प्रयोगशाळेत स्वतः खेपा मारतो. आतडं फुटलंय का, हे पोटावर हात ठेवून आधी जेआर-टू किंवा थ्री ठरवतो आणि मग सीनिअर रेसिडेंटला किंवा लेक्चररना फोन लावतो. हे पद कागदोपत्री कधीच ‘सहायक प्राध्यापक’ झालं, वॉर्डात ते लेक्चररच राहिलं. युनिटचे प्रमुख सकाळच्या राउंडला येतात तेव्हा रुग्णाचं बरंवाईट बहुधा ठरून गेलेलं असतं. म्हणजे ज्याच्या हुद्द्यात ‘ज्युनिअर’ आहे, तो पूर्ण नोंदणी झालेला डॉक्टर आहे आणि रात्रीचं रुग्णालय त्याच्याच जिवावर चालतं.

आता सरकारी कागद पाहा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे 2023 चे पदव्युत्तर शिक्षणाचे नियम सांगतात की पदव्युत्तर विद्यार्थी पूर्णवेळ निवासी डॉक्टर म्हणून काम करतील. विद्यार्थी आणि पूर्णवेळ, दोन्ही एकाच वाक्यात! कामाचे तास मात्र ‘वाजवी’ असावेत, एवढ्यावर नियम थांबतो, आकडा नाही. आकडा आहे तो केंद्राच्या 1992 च्या निवासी डॉक्टर योजनेत: एका वेळी 12 तासांहून जास्त नाही आणि आठवड्याला साधारण 48 तास. सलग चोवीस-छत्तीस तासांची ड्यूटी ज्यांना नेहमीची झाली आहे, त्यांना हा आकडा थट्टेसारखा वाटेल. पैशाचं तेच. हातात पडतं ते विद्यावेतन, वेतन नव्हे. शिवाय कॉलेजची फी त्यांनीच भरायची. पण ‘मार्ड’ ही निवासी डॉक्टरांची संघटना संपावर गेली की त्याच विद्यार्थ्यांना ‘मेस्मा’ लावण्याचा इशारा दिला जातो. वर्गात न बसणाऱ्या विद्यार्थ्यावर अत्यावश्यक सेवेचा कायदा कुणी लावत नाही. तो लावावासा वाटतो, यातच सरकारने त्यांना कर्मचारी मानल्याची कबुली आहे.

हा घोळ आपल्याकडचाच नाही. अमेरिकेत 1976 साली कामगार मंडळाने निवासी डॉक्टरांना विद्यार्थी ठरवलं आणि संघटनेचं कायदेशीर संरक्षण नाकारलं. 1999 मध्ये त्याच मंडळाने तो निर्णय फिरवला. मग प्रश्न करापर्यंत गेला. हे विद्यार्थी आहेत, तेव्हा त्यांच्या पगारावर सामाजिक सुरक्षेचा कर नको, असा मेयो संस्थेचा दावा होता. आठवड्याला 40 तास किंवा त्याहून जास्त काम करणारा माणूस करापुरता कर्मचारीच, हा सरकारी नियम सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये एकमताने उचलून धरला. तो शिकतो हे कुणी नाकारलं नाही. शिकत असला तरी तो राबतोही, आणि राबणं मोजता येतं, एवढंच मान्य झालं.

यावर वरिष्ठ डॉक्टरांचा आक्षेप ठरलेला असतो, आणि तो पोकळ नाही. शस्त्रक्रिया पुस्तकातून येत नाही, हात रुग्णावरच बसतो, तास मोजत बसलं तर शिक्षण अर्धवट राहील. खरं आहे. पण रिपोर्टसाठी खेपा मारणं आणि ट्रॉली ढकलणं यात कोणतं शिक्षण आहे? शिकण्याचे तास वाचवायचे असतील तर आधी कारकून आणि वॉर्डबॉयच्या रिकाम्या जागा भराव्या लागतील. त्या भरणं टळतं, कारण फुकटच्या भावात हात मिळतात आणि त्याला शिक्षण म्हणता येतं.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो: नाव बदलून काय होणार? ब्रिटनने ते करून पाहिलंय. ‘ज्युनिअर डॉक्टर’ या नावाने अनुभवी डॉक्टरही शिकाऊ वाटतात, या तक्रारीवरून सप्टेंबर 2024 पासून तिथे ‘रेसिडेंट डॉक्टर’ हे नाव अधिकृत झालं. जुलै 2025 मध्ये तेच रेसिडेंट डॉक्टर पगारासाठी पुन्हा संपावर होते. निव्वळ पाटी बदलून भागत नाही, हे मान्यच. म्हणून आपल्याकडे ‘ज्युनिअर’ काढून टाका, अशी मागणी मी करणार नाही. मागणी त्याहून रुक्ष आहे: नियमातल्या ‘वाजवी’ या शब्दाच्या जागी आकडा लिहा, प्रत्येक युनिटचं ड्यूटीपत्रक ड्यूटी सुरू होण्याच्या आणि सुटण्याच्या वेळेसकट अधिष्ठात्यांच्या सहीने लावा, आणि महाविद्यालयाची तपासणी करायला येणाऱ्यांनी प्राध्यापकांच्या हजेरीबरोबर तेही पत्रक तपासावं.