कोल्पोस्कोपी ‘नॉर्मल’ आली, म्हणजे नक्की काय? डॉक्टरांच्या अनुभवाने किती फरक पडतो?

पॅप टेस्ट किंवा एचपीव्ही चाचणीत काही संशयास्पद आढळलं की डॉक्टर अनेकदा कोल्पोस्कोपी करायला सांगतात. तिचा रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला की घरातले सगळे निर्धास्त होतात आणि फाईल कपाटात जाते. पण ही तपासणी रक्तातली साखर मोजण्यासारखी नाही. इथे यंत्र आकडा देत नाही. काय दिसतंय, हे तपासणाऱ्याची नजर ठरवते. मग ही नजर किती भरवशाची?

तपासणीत काय होतं?

कोल्पोस्कोप म्हणजे प्रखर दिवा जोडलेली दुर्बीण. जर्मनीचे डॉ. हान्स हिन्सेलमान यांनी १९२५ मध्ये ती पहिल्यांदा वापरात आणली. गर्भाशयमुखावर ३ ते ५ टक्के ॲसिटिक ॲसिड लावलं की बिघडलेल्या पेशींचा भाग थोड्या वेळासाठी पांढरा दिसतो. नंतर आयोडीन लावतात. निरोगी भाग गडद तपकिरी होतो, संशयास्पद भाग पिवळसर राहतो. तिथला लहानसा तुकडा काढून प्रयोगशाळेत पाठवतात. हीच बायोप्सी.

चूक कुठे होऊ शकते?

पांढरं दिसणारं सगळंच धोक्याचं नसतं. जंतुसंसर्गामुळे किंवा पेशींच्या नैसर्गिक बदलामुळेही पांढरेपणा येतो. उलट काही गंभीर बदल इतके लहान आणि फिकट असतात की ते सहज नजरेतून सुटतात. रजोनिवृत्तीनंतर आणखी एक अडचण येते. ज्या भागात हे बदल सुरू होतात, तो आत सरकतो आणि दुर्बिणीतून पूर्ण दिसत नाही.

अनुभवी डॉक्टर असले की प्रश्न मिटतो?

पूर्णपणे नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीतील ४०८ महिलांच्या नोंदींचं विश्लेषण २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. या सगळ्यांना दोन वर्षांच्या काळात कर्करोगाआधीचा गंभीर बदल किंवा कर्करोग असल्याचं निष्पन्न झालं होतं. पहिल्या कोल्पोस्कोपीत तो धोका सुमारे ७० टक्के महिलांमध्येच पकडला गेला होता. तपासणारी व्यक्ती स्त्रीरोगतज्ज्ञ होती की प्रशिक्षित नर्स, याने लक्षणीय फरक पडला नाही. फरक पडला तो किती तुकडे घेतले याने. दोन किंवा अधिक तुकडे घेतले, तिथे धोका जास्त वेळा सापडला.

२०१५ मध्ये अमेरिकेतच ६९० महिलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गंभीर बदल सापडण्याचं प्रमाण एका बायोप्सीत सुमारे ६१ टक्के, दोनमध्ये ८६ टक्के आणि तीनमध्ये ९६ टक्के होतं. तिथल्या तज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये सल्ला दिला की पांढऱ्या दिसणाऱ्या वेगवेगळ्या भागांतून दोन ते चार तुकडे घ्यावेत.

याचा अर्थ अनुभव बिनकामाचा, असा नव्हे. या अभ्यासांतले सगळेच तपासनीस प्रशिक्षित होते. शिवाय कुठला भाग संशयास्पद आहे, हे ओळखल्याशिवाय तुकडा तरी कुठून घेणार? म्हणूनच ब्रिटनच्या सरकारी तपासणी कार्यक्रमात कोल्पोस्कोपी करणाऱ्याने वर्षाला किमान ५० नवे रुग्ण तपासावेत, असा दंडक आहे. पदवी एकदा मिळते, नजर मात्र सरावानेच टिकते.

तुम्ही डॉक्टरांना काय विचाराल?

- संपूर्ण भाग नीट दिसला का?
- बायोप्सी घेतली का? किती ठिकाणांहून? घेतली नसेल तर का?
- पुढची तपासणी कधी?

हे प्रश्न म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास नाही. उत्तरं रिपोर्टवर लिहून मागितली तर पुढच्या डॉक्टरांनाही त्यांचा उपयोग होतो.

‘नॉर्मल’ आलं तरी पुन्हा का जायचं?

आंतरराष्ट्रीय अंदाजांनुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे १ लाख २७ हजार महिलांना गर्भाशयमुखाचा कर्करोग झाला आणि जवळपास ८० हजार महिलांचा त्यात मृत्यू झाला. दिलासा इतकाच, की पेशींमधल्या बदलापासून कर्करोगापर्यंतचा प्रवास बहुधा अनेक वर्षांचा असतो. एकदा नजरेतून सुटलेला बदल पुढच्या तपासणीत सापडू शकतो आणि वेळीच काढून टाकता येतो. पण त्यासाठी ठरलेल्या तारखेला पुन्हा जायला हवं. मधल्या काळात शरीरसंबंधानंतर किंवा पाळी कायमची थांबल्यावर रक्तस्राव झाला, तर त्या तारखेचीही वाट पाहू नका.